कपाट आपले, किल्ली कोणाची?

स्त्रियांच्या संघटनेच्या कार्यालयात संगणक नाही असे आज क्वचितच दिसते. सल्ला केंद्राच्या नोंदी, बचत गटांचे हिशेब, शिबिरांचे अहवाल, निवेदने, सभासदांच्या याद्या, सगळे त्याच्यातच असते. पण हा संगणक कोणाच्या सॉफ्टवेअरवर चालतो, ते आपण कोणत्या अटींवर वापरतो, आणि उद्या ते बंद पडले तर आपल्या कागदपत्रांचे काय होईल, याची चर्चा आपल्या बैठकांत होत नाही. मालमत्तेला बाईचे नाव लागले पाहिजे म्हणून आपण कित्येक वर्षे भांडतो आहोत. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, घर कोणाच्या नावावर आहे, बँकेचे पासबुक कोणाच्या ताब्यात असते, हे आपण घरोघरी जाऊन विचारतो. स्वतःच्या टेबलावरच्या संगणकाबद्दल मात्र हाच प्रश्न आपण विचारलेला नाही. तो विचारावा, म्हणून हा लेख.

मी तंत्रज्ञ नाही. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले तेव्हा संगणकाचा संबंध सर्वेक्षणाची आकडेवारी मांडण्यापुरता आला. नंतरची बारा वर्षे पनवेल शहर आणि तालुक्यातल्या गावांत, वाड्यांवर बायकांबरोबर काम करताना या प्रश्नाने वेगवेगळ्या बाजूंनी गाठले. त्यातला एक अनुभव आधी सांगते.

आमच्या बचत गटांच्या हिशेबासाठी एका विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेतले होते. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे भरायचे. २०२० साली टाळेबंदी आली, गटांची वर्गणी थांबली, कर्जाचे हप्ते थांबले, आणि आमचे नूतनीकरणही राहिले. टाळेबंदी उठल्यावर कोणाची किती बचत आहे, कोणाचे किती कर्ज बाकी आहे, हे पाहायला बसलो तर प्रोग्राम उघडेना. विक्रेत्याचे म्हणणे असे की आधीची बाकी भरा, नवी आवृत्ती घ्या, मग हिशेब दिसेल. हिशेब आमचा, आकडे आमचे, ते रात्री जागून भरणाऱ्या बाया आमच्या, आणि तो पाहण्यासाठी परवानगी दुसऱ्याची! गटातली एक जण म्हणाली, ''ताई, वही असती तर ती आपल्याच पेटीत राहिली असती. कोणी अडवली असती का?'' या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी छापून ठेवलेल्या कागदांवरून सगळे पुन्हा भरून काढावे लागले. त्या वेळी आम्ही दुसऱ्या प्रकारच्या सॉफ्टवेअरची चौकशी सुरू केली.

मुक्त म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला ओपन सोर्स म्हणतात त्याचा साधा अर्थ असा, की सॉफ्टवेअर ज्या आज्ञांनी बनते त्या आज्ञा सर्वांना वाचायला खुल्या असतात. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाने १९८३ साली ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्याचा मुद्दा नैतिक होता. सॉफ्टवेअर हवे त्या कामासाठी वापरण्याचे, ते कसे चालते हे उघडून पाहण्याचे, त्यात बदल करण्याचे, आणि मूळ वा बदललेले सॉफ्टवेअर इतरांना देण्याचे, अशी चार स्वातंत्र्ये प्रत्येकाला असावीत असे तो म्हणत होता. १९८९ साली त्यासाठी खास परवाना लिहिला गेला. त्याची खुबी अशी की जो कोणी हे सॉफ्टवेअर बदलून पुढे देईल त्याने तेही याच अटींवर द्यायचे, स्वतःचे कुंपण घालायचे नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले, आणि या दोन कामांच्या जोडणीतून संगणक चालवणारी एक पूर्ण प्रणाली उभी राहिली. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ सालचे, व्यापारी जगाला रुचेल असे. स्टॉलमनच्या बाजूचे लोक 'मुक्त सॉफ्टवेअर' असेच म्हणतात.

आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. जात्यावरच्या ओवीला कोणी एक मालकीण नव्हती. आईकडून लेकीकडे, माहेरातून सासरी ओवी जायची. प्रत्येक बाई तिच्यात आपले सुखदुःख घालायची आणि पुढे द्यायची. ती गायला कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि घेतली म्हणून कोणाची कमीही होत नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणाऱ्या बायांची नावे आणि गावे त्यांनी नोंदवली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सामाईक म्हणजे बेवारस नव्हे. जिने भर घातली तिचे नाव राहावे आणि वापर सर्वांना खुला राहावा, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. मुक्त सॉफ्टवेअरचे परवानेही हेच सांगतात.

याचा प्रत्यक्ष उपयोग काय, ते २०१० सालच्या एका घटनेतून कळते. ओपनऑफिस नावाचे लेखन-हिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअर सन या कंपनीकडे होते. सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली. नव्या मालकाच्या कारभाराबद्दल काम करणाऱ्यांना भरवसा वाटेना. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांच्यातले बरेच जण बाहेर पडले, स्वतंत्र संस्था काढली आणि लिबरऑफिस या नावाने काम पुढे नेले. आज्ञा खुल्या असल्यामुळे त्यांना रिकाम्या हाताने बाहेर पडावे लागले नाही. घर सोडणाऱ्या बाईला संसारातला वाटा बरोबर नेता येत नाही, हे आपण रोज पाहतो. येथे तो नेता आला, कारण अट आधीच लिहिलेली होती.

लिपीला लागलेले कुलूप

मराठी चळवळींचे सर्वांत मोठे नुकसान लिपीच्या बाबतीत झाले आहे. नव्वदच्या दशकात आपली पत्रके, अहवाल, नियतकालिके संगणकावर जुळवली जाऊ लागली. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, आणि त्याच्या आतली अक्षरांची मांडणीही वेगळी. एकाचा 'क' म्हणजे दुसऱ्याचे भलतेच चिन्ह. तो फॉन्ट विकत घ्यायचा, संगणकाला डाँगल लावायचा, तेव्हा मजकूर दिसायचा. डाँगल हरवला, संगणक बदलला किंवा डीटीपी करणाऱ्याने दुकान बंद केले, की आपल्याच लेखांच्या जागी निरर्थक चिन्हांच्या ओळी. हुंडाबळीच्या, परित्यक्तांच्या, बलात्कारविरोधी मोहिमांच्या कितीतरी नोंदी आज अशा फायलींमध्ये अडकून पडल्या आहेत. छापील अंक कोणी जपून ठेवला असेल तर तेवढाच आधार.

यावरचा उपाय तेव्हाही आकार घेत होता. सर्व लिपींतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. युनिकोडात लिहिलेले पत्र कोणत्याही फॉन्टात, कोणत्याही संगणकावर उघडते आणि त्यात शोधही घेता येतो. पुढे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्टही आले. रेड हॅट कंपनीच्या पुढाकाराने आलेला लोहित, मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाचे मुक्ता आणि बलू, गूगलचा नोटो. हे फॉन्ट छपाईला वापरता येतात, दुसऱ्या संघटनेला देता येतात, त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीतून चालतात, ते मराठी स्वयंसेवकांनी केलेल्या अनुवादामुळे. कंपनीला मराठीत नफा दिसेल तेव्हाच मराठी येईल, अशी वाट पाहत बसण्याची गरज त्यांना पडली नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून उभा आहे तोही मुक्त सॉफ्टवेअरवरच.

असे असून आजही अनेक ठिकाणी निवेदने जुन्या फॉन्टांतच टाइप होतात. कारण विचारले तर उत्तर मिळते, ''टाइप करणाऱ्याला तीच सवय आहे.'' टाइप करणाऱ्याच्या सवयीसाठी आपण आपला इतिहास गहाण टाकायचा का, हे संघटनांनी ठरवायचे आहे.

चोरीची प्रत आणि भीती

आता एक अवघड गोष्ट. लहान संस्थांच्या संगणकांवरचे सॉफ्टवेअर बहुधा विकत घेतलेले नसते. संगणक बसवून देणारा मुलगा 'सगळे टाकून देतो' म्हणतो आणि आपण विचारत नाही. कॉपीराइट कायद्याचे ६३ ब हे कलम आपण वाचायला हवे. नकली प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. व्यापारी फायद्यासाठी वापर नसेल तर कैद न देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण तोपर्यंत संगणक जप्त होऊन पडलेला असतो.

रशियात काय झाले ते पाहा. इर्कुत्स्क शहरातली 'बैकल वेव्ह' ही पर्यावरणवादी संघटना बैकल सरोवर दूषित करणाऱ्या कागद कारखान्याविरुद्ध लढत होती. जानेवारी २०१० मध्ये पोलिसांनी चोरीच्या सॉफ्टवेअरचा संशय सांगून तिचे संगणक उचलून नेले. आमच्याकडे सगळे रीतसर विकत घेतलेले आहे, असे संघटना सांगत राहिली. बातमी जगभर गेल्यावर, त्याच वर्षी सप्टेंबरात, मायक्रोसॉफ्टने तिथल्या स्वयंसेवी संस्थांना सरसकट परवाना जाहीर केला. म्हणजे संस्थेची सुटका कंपनीच्या औदार्यावर अवलंबून राहिली. ज्या संघटना बिल्डर, पोलीस, पुढारी यांच्याशी रोज झगडतात त्यांनी विरोधकाच्या हाती असे आयते निमित्त का ठेवावे?

काही जणी म्हणतील, संस्थांना कंपन्या सवलतीत देतात की! देतात. पण सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. २०२५ साली मायक्रोसॉफ्टने संस्थांना मोफत मिळणारी एक वरच्या दर्जाची योजना बंद केली आणि साधी योजना तेवढी मोफत ठेवली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा आधारही थांबला. थोड्या मुदतवाढीची सोय ठेवली गेली, पण विंडोज ११ ज्यांच्यावर चालत नाही असे अनेक संगणक एरवी धडधाकट आहेत. देणगीतून मिळालेला जुना संगणक भंगारात काढून नवा घेण्याची ऐपत आपल्यापैकी किती जणींची आहे? अशाच संगणकांवर लिनक्स मिंटसारखी प्रणाली चालते. आमच्या दोन संगणकांवर ती चालते आहे. बायकांना दया नको, हक्क हवा, असे आपण म्हणतो. तेच येथे लागू आहे.

अंगणवाडीच्या मोबाइलने शिकवलेले

तंत्रज्ञान बायकांच्या हाती दिले म्हणजे ते बायकांचे होते का? याचे उत्तर अंगणवाडी सेविकांनी दिले आहे. पोषण अभियानात त्यांना मोबाइल मिळाले. आधीचे 'कॅस' हे ॲप कॉमकेअर नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर उभारलेले होते. मार्च २०२१ पासून त्याच्या जागी 'पोषण ट्रॅकर' आले. आधीचे ॲप मराठीत होते, नवे इंग्रजीत आहे, मोबाइलची क्षमता अपुरी आहे, तो तापतो, बंद पडतो, दुरुस्तीचा खर्च आमच्या मानधनातून जातो, अशा सेविकांच्या तक्रारी होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. संघटना मुंबई उच्च न्यायालयातही गेल्या. पुढे त्या ॲपमध्ये मराठीसह अनेक भाषा आल्या, पण त्यासाठी बायकांना रस्त्यावर यावे लागले.

यातून मी दोन धडे घेते. पहिला, भाषा ही शेवटी चिकटवायची शोभेची गोष्ट नव्हे. ज्या सॉफ्टवेअरच्या आज्ञा खुल्या असतात त्यात मराठी घालायला वरच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. दुसरा धडा अधिक कडू आहे. 'कॅस'चा पाया मुक्त होता, तरी रायगडमधल्या सेविकेला त्यातला एक रकानाही बदलता येत नव्हता, कारण निर्णय दिल्लीत होत होते. आपल्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्या गाभ्यावर चालतो, पण म्हणून तो आपल्या ताब्यात नाही. परवाना मुक्त असणे ही पहिली पायरी. निर्णयात वाटा मिळाला नाही तर तिचा उपयोग वरच्यांनाच होतो.

याउलट छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात काय झाले पाहा. तिथल्या गरजांभोवती 'बाह्मनी' हे रुग्णालयाच्या नोंदींचे मुक्त सॉफ्टवेअर घडवले गेले, आणि नंतर ते इतर देशांतल्या दवाखान्यांतही गेले. ज्यांना वापरायचे आहे त्यांच्या शेजारी बसून बनवले की काय होऊ शकते, त्याचे हे उदाहरण आहे.

घरात आणि धंद्यात

घरातला संगणक किंवा चांगला मोबाइल कोणाचा? बहुतेक घरांत नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. बाई तो वापरते ती 'जरा दे' म्हणून. सल्ला केंद्रात येणाऱ्या किती तरी जणींचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असतो, आणि नाही सांगितला तर मार. काहींच्या फोनमध्ये त्यांच्या नकळत पाळत ठेवणारे ॲप टाकलेले असते. येथे मला स्पष्ट सांगितले पाहिजे की मुक्त सॉफ्टवेअर हे मारहाणीवरचे औषध नाही. सिग्नलसारखे ॲप मुक्त आहे, ते एका ना-नफा संस्थेचे आहे, त्यातले निरोप वाटेत कोणी वाचू शकत नाही. पण फोनच नवऱ्याच्या हातात असेल तर त्याचा काय उपयोग? पाळतीचे ॲप सापडले तरी ते घाईने काढू नये. काढल्याचे समोरच्याला कळते आणि धोका वाढतो, शिवाय पुरावाही जातो. आधी बाईच्या सुरक्षिततेचा विचार, मग फोनचा.

तरी कार्यकर्ती म्हणून आपली जबाबदारी उरतेच. मारहाण झालेल्या बाईचे नाव, पत्ता, तिच्या मुलांची शाळा, ती सध्या कोठे लपली आहे, ही माहिती आपण कोठे ठेवतो? एखाद्या मोठ्या कंपनीच्या फुकट फॉर्ममध्ये, कोणाच्या तरी खासगी ईमेलवर, की कुलूपबंद केलेल्या आपल्याच संगणकावर? फुकट मिळते तिथे किंमत कशाने चुकवली जाते, हे विचारण्याची सवय आपल्याला हवी.

धंद्यातही तेच. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे या भागांत डबे पुरवणाऱ्या, मसाले आणि पापड करणाऱ्या कितीतरी जणी उधारीचा हिशेब मोबाइलमधल्या फुकट खातेवहीत ठेवतात. गिऱ्हाईक कोण, कोणाची उधारी किती, महिन्याची उलाढाल किती, हे सारे त्या कंपनीला कळते, आणि मग तिच्याकडूनच कर्ज देऊ करणारा निरोप येतो. सावकाराने वही पाहून कर्ज द्यावे, तसाच हा प्रकार. लहान गटाला लिबरऑफिसमधला एक साधा तक्ता पुरतो. व्यवहार वाढला तर ग्नूकॅश आहे, त्यात जमाखर्च रीतसर मांडता येतो. अनेक गटांच्या महासंघाला मालसाठा, विक्री, पगार असे सगळे एकत्र हवे असेल तर ईआरपीनेक्स्ट आहे. ते मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवले आहे आणि मुक्त परवान्यावर दिले आहे. कंपनी सेवा विकून पैसे मिळवते, पण तिच्याशी पटले नाही तर आपण दुसऱ्याकडे जाऊ शकतो. हिशेब अडकून पडत नाही.

अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. हिशेबनिसाला टॅली येते, दुसरे येत नाही. वस्तू व सेवा कराची काही ऑफलाइन साधने एक्सेल आणि विंडोज धरूनच केलेली आहेत. देणगीदार आपल्याच नमुन्यात अहवाल मागतात. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मग नागरिकांना एका कंपनीच्या दारात का पाठवले जाते, हा प्रश्न आपण निवेदनात घालायला हवा. केरळने आपल्या सरकारी शाळांतले संगणक मुक्त प्रणालीवर आणून दाखवले आहेत. तेव्हा हे जमण्यासारखे नाही, असे कोणी म्हणू नये.

फुकटचे श्रम कोणाचे?

आता मुक्त सॉफ्टवेअरच्या जगालाही आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला श्रमाचा. इंटरनेटवरच्या व्यवहारांना कुलूप लावणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये २०१४ साली मोठी चूक सापडली, तेव्हा जगाला कळले की अब्जावधींचे व्यवहार ज्यावर चालतात त्या कामाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती. २०२४ साली एक्सझेड नावाच्या लहानशा सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी जाणूनबुजून चोरवाट घातल्याचे उघड झाले. ते सांभाळणारा एकटा माणूस थकलेला होता, त्याच्यावर दबाव आणून, मदतीच्या मिषाने विश्वास मिळवून हे साधले होते. सर्वांचे चालते ते कोणाच्या तरी बिनपगारी, न दिसणाऱ्या कामावर, आणि ते काम मोडले तरच त्याची दखल घेतली जाते. ही गोष्ट ऐकून कोणत्या गृहिणीला ओळखीचे वाटणार नाही?

दुसरा प्रश्न स्त्रियांच्या सहभागाचा. २०१७ साली गिटहब या संकेतस्थळाने मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांची पाहणी केली. उत्तर देणाऱ्यांत पुरुष ९५ टक्के आणि स्त्रिया ३ टक्के! दार सर्वांना उघडे आहे असे म्हटले जाते, पण आत कोण येऊ शकते हे मोकळ्या वेळावर ठरते. आपल्या देशातल्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, आणि असे काम करणाऱ्या पुरुषाचा ८८ मिनिटे. रात्री दहानंतर 'हौसेने' सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा जेवतो तो कोणी रांधलेले? म्हणून केवळ 'या, तुमचे स्वागत आहे' म्हणणे पुरेसे नाही. ग्नोम या मुक्त प्रकल्पाने २००६ साली मुलींसाठी मानधन देणारा उपक्रम सुरू केला. तो आज आउटरीची या नावाने चालतो, आणि त्याचे सूत्र बरोबर आहे. काम घ्यायचे तर दाम द्यायचा. आपल्या संघटनांनीही संगणकाचे काम सांभाळणाऱ्या मुलीला 'आपलीच आहे' म्हणून फुकट राबवू नये.

सुरुवात कोठून करावी?

सगळे एका दिवसात बदलण्याची गरज नाही. आहे त्याच विंडोजवर लिबरऑफिस आणि फायरफॉक्स टाकून सहा महिने वापरावे. नवा प्रत्येक मजकूर युनिकोडातच लिहायचा, असा कार्यकारिणीत ठराव करावा. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडात आणायचे काम एखाद्या मुलीला मानधन देऊन करून घ्यावे. रूपांतरात चुका राहतात, तेव्हा छापील प्रतीशी ताडून पाहावे. हिशेबाची आणि केसच्या नोंदींची प्रत दर महिन्याला वेगळ्या डिस्कवर काढून ती कुलपात ठेवावी. मग एक जुना संगणक लिनक्सवर आणावा. लिनक्स पेनड्राइव्हवरूनही चालवून पाहता येते, संगणकातले काही न पुसता. सॉफ्टवेअर विकत घ्यायचेच असेल तर आधी एक प्रश्न विचारावा, ''पैसे भरणे थांबवले तर आमची माहिती आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळेल?'' उत्तर लेखी घ्यावे.

शिकण्यासाठी मुंबई आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' आहे. सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ, त्यांतले बरेच मराठीतून, आणि मोफत. आपल्याच हार्बर लाइनवर मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुक्त सॉफ्टवेअरच्या विचाराने शैक्षणिक साधने घडवण्याचे काम अनेक वर्षे झाले. मदत मागायला फार लांब जावे लागत नाही. मात्र शिकायला बसवायचे ते बायकांना. आमच्याकडे संगणक सुरू होत नाही म्हटले की कोणाचा तरी मुलगा नाहीतर भाचा बोलावला जायचा. आता दर शनिवारी तीन तास गटातल्या सहा जणी स्वतः बसतात. त्यांत एक नववी नापास आहे, एक वीटभट्टीवर काम केलेली कातकरी मुलगी आहे. लिनक्स बसवताना पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा जमले. पेनड्राइव्ह खिशात घेऊन आलेल्या दुरुस्तीवाल्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी पहिल्यांदा बँकेत एकटीने सही करून आलेल्या बायांच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

पनवेल आज झपाट्याने बदलते आहे. विमानतळ आला, मनोरे उठले, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या सुना-लेकी त्याच मनोऱ्यांत घरकामाला जाऊ लागल्या. जमीन जाताना कागद कोणाच्या हातात होते आणि ते कोणाला वाचता येत होते, यावर बरेच काही ठरले. माहिती ही आजची जमीन आहे. तिचे कागद आपण वाचायला शिकलो नाही तर पुढच्या पिढीला पुन्हा नुकसानभरपाईच्या रांगेत उभे राहावे लागेल.

आपापल्या संघटनेत कोणते सॉफ्टवेअर वापरता, जुने अंक आणि अहवाल कोणत्या फॉन्टांत अडकले आहेत, कोणी सुटका करून घेतली असेल तर ती कशी, हे मैत्रिणींनी या अंकाकडे जरूर लिहून पाठवावे. जुन्या अंकांची सुटका हे काम तरी निदान सर्व गटांनी मिळून हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे. खर्च वाटून घेता येईल, आणि झालेले काम सर्वांचे राहील.